‘भूमिका जगला’ म्हणजे नेमकं काय केलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेरीचे आपल्या दैनिकात आलेले तीनही वृत्तांत मी कापून जपून ठेवले आहेत. कोकणातल्या हौशी नाटकांना तुम्ही जिल्हा पानावर एवढी जागा देता, त्याबद्दल आधी मनापासून आभार. पण या तीन वृत्तांतांत मिळून चार वेळा ‘भूमिका अक्षरशः जगला’ किंवा ‘जगली’ असं आलं आहे. एका ठिकाणी तर ‘डोळ्यांतून खरेखुरे अश्रू वाहत होते’ हीच अभिनयाची पावती म्हणून दिली आहे. हे वाचलं आणि राहवलं नाही. पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं तर माझी ओळख कापा, त्या मुलीची हकिगत तेवढी राहू द्या.

मी वेंगुर्ल्यात शिंपीकाम करतो. दुकानाला ३४ वर्षं झाली. हौशी नाटकात १९८९ पासून आहे. आधी नट म्हणून, हल्ली बहुतेक वेळा वेशभूषा आणि तालमी बघायला. आमच्या तालमी रात्री दुकानं बंद झाल्यावर शाळेच्या हॉलमध्ये होतात. गणपती झाले, भातं कापून झाली, की माणसं मोकळी होतात आणि स्पर्धेपर्यंत जेमतेम वीस-पंचवीस तालमी हाती लागतात. मुलींना घरी सोडायला कोणीतरी मोटारसायकल घेऊन थांबावं लागतं. एवढ्यात जे जमतं ते आम्ही करतो आणि जीव ओतून करतो.

त्या मुलीचं नाव-गाव मी मुद्दाम लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी ती एका पाच दिवसांच्या अभिनय शिबिराला गेली होती. तेव्हा वीस वर्षांची होती आणि वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. बाहेरून आलेल्या मार्गदर्शकांनी तिसऱ्या दिवशी सगळ्यांना दिवे घालवून जमिनीवर बसवलं, डोळे मिटायला लावले. आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस आठवा, त्या खोलीतला वास आठवा, कोण कुठे उभं होतं ते आठवा आणि आता तुमच्या नाटकातलं वाक्य बोला, असं सांगितलं. हिने वाक्य बोललं आणि हुंदका आवरेना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा करून दाखवायला सांगितलं. शेवटच्या दिवशीही.

स्पर्धेच्या प्रयोगात तो प्रवेश आला तेव्हा ती रडण्याच्या तयारीत इतकी अडकून होती, की समोरच्याने आपलं वाक्य कधी संपवलं ते तिला कळलंच नाही. विंगेतून दोनदा शब्द द्यावा लागला. डोळे कोरडेच राहिले. त्यानंतर वर्षभर ती तालमीकडे फिरकली नाही. मी एकदा बाजारात विचारलं तर म्हणाली, ‘काका, बाबांचा चेहरा आठवला की आता मला ते नाटकातलं वाक्यच ऐकू येतं.’

संपादक महोदय, एका पोरीकडून तिच्या बापाची आठवण काढून घेतली गेली आणि बदल्यात तिला अभिनयही मिळाला नाही. याला शिक्षण म्हणत असतील तर मला ते मान्य नाही.

खऱ्या माणसासारखा माणूस रंगमंचावर उभा करायचा म्हणजे काय करायचं, हे मी शिबिरात कमी आणि माप घेताना जास्त शिकलो. टेप छातीभोवती गेली की दहातले आठ पुरुष पोट आत घेतात. वय कितीही असो. कोणी श्वास धरतो, कोणी छताकडे बघत गप्पा सुरू करतो. आपण लठ्ठ आहोत असं दाखवायला कोणी उभा राहत नाही. आपण लठ्ठ नाही हे दाखवायला उभा राहतो. ही एक गोष्ट नटाने पक्की धरली तरी त्याचा अर्धा अभिनय सुधारेल. माणूस आपलं दुःख, आपलं म्हातारपण, आपली गरिबी दाखवत नसतो. तो ती लपवायला बघतो. आपल्याला ती दिसते ती लपवताना.

पहिल्या दोन-तीन वर्षांत मला दारुड्याची भूमिका मिळाली होती. मी रंगमंचभर झोकांड्या खात होतो. आमच्यातला एक जुना नट तालमीनंतर जवळ घेऊन म्हणाला, ‘पियेललो माणूस पडूक बघणा नाय रे, तो सरळ चालूक बघता.’ तेवढं एक वाक्य घेऊन मी दुसऱ्या दिवशी फरशीच्या रेघेवरून सरळ चालायचा प्रयत्न केला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला रंगमंचावर काहीतरी काम सापडलं. तोवर मी नुसता दिसत होतो.

आमच्याच तालुक्यातल्या आरवलीच्या जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ आम्ही केलं, तेव्हाही हेच झालं. मुलं दूर गेलेल्या त्या वृद्ध नवरा-बायकोतला नाना मी करत होतो. वय ४१. मी पाठ वाकवली, आवाजाला कंप दिला, हात थरथरवले. चार तालमी असंच चाललं. मग दुकानात येणारे सत्तरीचे लोक नीट बघायला लागलो. त्यांतला एकही वाकून चालत नव्हता. वाकलेली पाठ ते सरळ करत होते. स्टुलावर बसण्याआधी एक हात हळूच मागे नेऊन स्टूल आहे ना याची खात्री करत होते आणि कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्याच वेळी बोलत होते. काही जण उठताना ‘बरं तर’ म्हणायचे. ते ‘बरं तर’ गुडघ्यांसाठी असायचं. मी थरथर सोडून दिली आणि ते ‘बरं तर’ घेतलं.

आता ज्या प्रसंगासाठी हे सगळं लिहितो आहे तो सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी पावसाच्या शेवटी एक बाई दुकानात आली. तिचा नवरा जाऊन दोन महिने झाले होते, हे मला ठाऊक होतं. तिने पिशवीतून त्याचा शर्ट काढला, फिकट निळा, टेरिकॉटचा, आणि मुलाच्या मापाचा करून दे म्हणाली. मुलगा नववीत. मी शर्ट टेबलावर पसरला आणि खडूने खुणा करायला लागलो. तिने एक बाही सरळ केली. मग दुसरी. मग पुन्हा पहिली. तिचा हात खडूच्या आड येत होता, पण मी काही बोललो नाही. ‘बटणां तीच ठेव हां,’ ती म्हणाली. ‘खालचा येक येगळा आसा, ता मियाच लायललंय.’ मग कधी मिळेल विचारलं. मी बुधवार म्हटलं. तिला मंगळवारी हवा होता. मंगळवारी का, ते तिने सांगितलं नाही. पैसे घ्यायला मी नको म्हटलं, तेव्हा मात्र तिचा आवाज चढला. अक्षरशः भांडून तिने तीस रुपये टेबलावर ठेवले. आली तेव्हापासून गेली तोवर तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. ती पायरी उतरून गेली आणि मी मशीनवर बसलो, तर पाय चालेचनात.

हा प्रसंग एखाद्या नटीला करायला दिला तर ती शर्ट छातीशी धरेल, हुंगेल आणि रडेल. मी तसं करताना बघितलं आहे. टाळ्याही पडतात. पण त्या बाईला रडायचं नव्हतं. तिला शर्ट मंगळवारपर्यंत हवा होता, बटणं तीच हवी होती आणि माझी दया नको होती. तिचे हात बाहीत गुंतले होते. रडलो मी. तिने नीट काम केलं म्हणून मी रडलो.

ज्यांच्या नावाने हे ‘स्वतःचं दुःख आठवा’ प्रकरण सांगितलं जातं, ते रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की (१८६३–१९३८) यांच्याबद्दल जमेल तेवढं मी मराठीतून वाचलं आहे. १८९८ साली त्यांनी नेमिरोविच-दान्चेन्कोंबरोबर मॉस्को आर्ट थिएटर काढलं. नटाने आपल्या भावनिक स्मृतीचा उपयोग करावा, हे त्यांनी सांगितलं, हे खरं आहे. पण ते तिथे थांबले नाहीत. १९३४ साली अमेरिकन नटी स्टेला अ‍ॅडलर पॅरिसला त्यांना भेटली आणि काही आठवडे त्यांच्यापाशी शिकली. परत गेल्यावर तिने आपल्या मंडळींना सांगितलं, की जुन्या जखमा उकरण्यावरचा भर सोडा. नाटकाने दिलेली परिस्थिती बघा, तिथे कल्पना चालवा, पात्र काय करतंय ते शोधा. १९२८ साली प्रयोग चालू असतानाच स्तानिस्लावस्कींना हृदयविकाराचा झटका आला होता. तेव्हापासून त्यांना रंगमंचावर उभं राहता आलं नाही. पुढची वर्षं ते बरेचदा घरीच नटांबरोबर काम करत आणि त्या काळात त्यांचा भर शरीराने करायच्या साध्या साध्या कृतींवर होता. दार कसं लावतोस, पत्र कुठे लपवतोस. कृती खरी केली की भावना तिच्यामागून येते, तिला हाका मारू नये. आमच्या शिबिरांतून त्यांची पहिली अर्धी गोष्ट शिकवतात आणि दुसरी अर्धी गाळतात.

आणि रशियापर्यंत तरी कशाला जायला हवं? भरतमुनींनी अभिनय चार प्रकारचा सांगितला: आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे बोलण्याचा, आहार्य म्हणजे वेशभूषा-रंगभूषेचा आणि सात्त्विक म्हणजे मनातून उमटणारा. त्यातल्या सात्त्विकाचे आठ भाव. अश्रू हा त्या आठांतला एक. अंग ताठणं, घाम, रोमांच, आवाज फुटणं, कंप, रंग उडणं, भान हरपणं हे बाकीचे सात. आणि हे सगळं एकाग्र झालेल्या मनातून येतं असं ते सांगतात. मन एकाग्र कशावर करायचं, तर समोर जे चाललं आहे त्यावर. घरच्या मयतावर नाही.

समोरच्याचं ऐकायला शिकायचं असेल तर आमच्या पोरांनी जत्रेतला दशावतार बघावा. तो काही वास्तववादी नाटक नाही. राजे आहेत, राक्षस आहेत, संकासुर आहे, राणी पुरुषच करतो. पण दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरतं आणि संवाद तिथल्या तिथे. समोरचा काय बोलणार ते माहीत नाही, त्यामुळे त्याच्याकडे बघावंच लागतं, ऐकावंच लागतं. मध्यरात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात मी लहानपणी बघितलेली ती डोळ्यांतली जाग आमच्या पाठ केलेल्या नाटकांतून हरवते. आमचा नट समोरच्याचं शेवटचं वाक्य तेवढं ओळखतो आणि त्यानंतर आपलं सोडतो. मधल्या काळात तो कुठे असतो ते त्याचं त्यालाच माहीत.

म्हणून आम्ही तीन-चार वर्षांपासून एक करतो. पाठांतर व्हायच्या आधी दोन तालमी पूर्ण मालवणीत, संहिता बाजूला ठेवून, ज्याला जसं सुचेल तसं बोलून करायच्या. एका नाटकात बायकोला वाक्य होतं, ‘आज उशीर झाला तुम्हाला.’ ते करणारी मुलगी ते वाक्य पुस्तकात छापल्यासारखं म्हणायची. मालवणीत तिच्या तोंडून आलं, ‘साडेसातची गाडी रिकामी इली.’ म्हणजे ही बाई स्टँडवर जाऊन उभी राहिली होती! संहितेत ते कुठेच नव्हतं. ते तिला सापडलं आणि पुढे लेखकाचं मूळ वाक्य तिने एक अक्षर न बदलता म्हटलं, तेव्हा त्यात तो स्टँड होता, ती रिकामी गाडी होती. बोली हा आमच्या नटांचा दोष समजून उच्चार सुधारण्यात वेळ घालवणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा. उच्चार सुधारावेत, पण आधी माणूस तरी सापडू दे.

आहार्याबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो. गरीब माणसाचा सदरा म्हणून नवाकोरा सदरा एक ठिगळ लावून देतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. ज्यांचं तरुणपण माझ्या काळातलं त्यांना आठवत असेल, कॉलर घासून फाटली की शर्ट टाकून देत नसत. आम्ही कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा बसवायचो. आतली बाजू बाहेर. लांबून कळायचं नाही, जवळून कळायचं, कारण कापडाचा रंग तिथे गडद असायचा. एका नाटकातल्या निवृत्त मास्तरांसाठी मी असा शर्ट केला. कॉलर उलटवली, उन्हात चार दिवस वाळवला, कोपरं घासली आणि प्रयोगाच्या पंधरा दिवस आधी नटाला घालायला दिला. यात काय केलंय ते तेवढं सांगितलं. त्याचं काय करायचं ते सांगितलं नाही. तिसऱ्या-चौथ्या तालमीला तो बोलता बोलता मानेमागे हात नेऊन कॉलर चाचपू लागला. मग एका रात्री, ज्या प्रवेशात मास्तर जुन्या विद्यार्थ्याकडे उसने पैसे मागतात तिथे, त्याचा हात कॉलरकडे जाता जाता अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. मास्तरांना कळलं होतं, की समोरचा आपली कॉलर बघतो आहे. हॉलमध्ये आम्ही सहा-सात जण होतो, एकदम शांत झालो. असं लेखकाला लिहिता येत नाही आणि दिग्दर्शकाला सांगता येत नाही. कपडे शेवटच्या रात्री अंगावर चढवले तर नटालाही सापडत नाही. प्रयोगाच्या दिवशी दुपारी भाड्याने कपडे आणणाऱ्या संस्थांना माझी हात जोडून विनंती आहे, निदान चपला तरी पहिल्या तालमीपासून घाला. चपलेने चाल बदलते.

बॅगेचंही तेच. मुंबईहून चाकरमानी येतो आणि त्याची बॅग करंगळीवर नाचते, कारण ती रिकामी असते. आम्ही आत पाच किलो तांदूळ घालतो. मग तो दारात थांबतो, खांदा बदलतो, बॅग आधी ठेवतो आणि मग चपला काढतो. बाहेर पाऊस आहे असं संहिता सांगते आणि नट ठणठणीत कोरडा आत येऊन संवाद सुरू करतो, हे तर कोकणात तरी घडू नये. आषाढातला माणूस दारात काय काय करतो हे आपल्याला शिकवायला का लागावं?

कोणी म्हणेल, नटाच्या डोळ्यांत पाणी येणं वाईट का? मुळीच नाही. ‘संध्याछाया’च्या एका प्रयोगात माझ्याही आलं होतं, न बोलावता. पुढच्या प्रयोगात आलं नाही आणि प्रयोग तेवढाच चांगला झाला, असं बघणाऱ्यांनीच सांगितलं. माझं भांडण पाण्याशी नाही. पाण्यासाठी पोरांच्या घरातल्या विहिरी उपसण्याशी आहे.

आपल्या वार्ताहरांकडे एवढंच मागणं आहे. ‘जगला’ असं लिहिण्याआधी त्या नटाने काय केलं ते एका वाक्यात लिहा. हात कुठे होता, तो थांबला कधी, समोरच्याकडे बघून की लोकांकडे बघून बोलला. गावागावांतली वीस-बावीस वर्षांची पोरं तुमचं पान वाचतात आणि त्यात ज्याचं कौतुक असतं ते पुढच्या वर्षी करतात. तुम्ही अश्रूंचं कौतुक केलंत तर ती अश्रू आणतील, कुठूनही आणतील. आणि शिबिरं घेणाऱ्यांना सांगणं आहे, की माणसाचं खासगी दुःख उघडायला लावायचं असेल तर ते मिटवायची जबाबदारीही घेता यायला हवी. पाच दिवसांत ती घेता येत नाही.

ती मुलगी या वर्षी परत आली आहे. आपणहून आली, मी बोलावलं नव्हतं. तिच्या भूमिकेत एक प्रवेश आहे. भाऊ ज्या होडीवर आहे ती होडी अजून बंदराला लागली नाही, ही बातमी शेजारी घेऊन येतो. पहिल्याच तालमीला तिने विचारलं, ‘काका, मी तेव्हा काय करत असते?’ मी म्हटलं, तूच ठरव. दुसऱ्या दिवशी ती घरून सुपात कुळीथ घेऊन आली. बातमी ऐकताना ती कुळीथ निवडत असते. परवा शेजाऱ्याचं वाक्य संपलं तरी तिची बोटं थांबली नाहीत. तिने एक खडा उचलला, बघितला आणि चांगल्या कुळथांत टाकला. डोळे कोरडे होते. आमच्यातल्या कोणी टाळी वाजवली नाही, सुचलंच नाही.

आपले वार्ताहर प्रयोगाला येतीलच. त्याआधी एका तालमीलाही त्यांनी यावं असं हे आग्रहाचं बोलावणं आहे. साडेनऊला सुरू करतो. शाळेच्या मागच्या बाजूने या म्हणावं, पुढचं फाटक शिपाई नऊलाच लावतो, आणि येताना विजेरी असू दे, त्या पाणंदीत दिवा नाही.

आपला,
एक हौशी रंगकर्मी, वेंगुर्ले